उदाहरणातले बाबा

३ सप्टेंबर २०२५
पॉवर हाऊस कॉलनी, नागपूर

चि. गोलू,

आशीर्वाद तं आहेतच, ते कुठं जात नाहीत. आधी ऐकून घे.

तू फोन उचलत नाही. उचलला तं "आई, शूटिंग चालू आहे" म्हणतो अन् कापतो. पत्र काही कापता येत नाही, म्हणून लिहून राहिली. अन् मी जशी बोलते तशीच लिहून राहिली. तुह्यासारखी पुणेरी जीभ मले अजून फुटली नाही. व्हिडीओत काय तं "मला", "तुला", "बरं का मित्रांनो". घरी होता तवा "मले भूक लागली" म्हणून क्वार्टरची अख्खी लाइन डोक्यावर घेत होता. ते मित्र तवा कुठं होते?

परवा श्वेतानं तुहा तो नवा व्हिडीओ दाखवला. बिचारीले वाटलं, भाऊ कसा कोट घालून फळ्यासमोर उभा आहे, पाहून आई खूश होईल. मी चष्मा पुसून बसली. विषय काय, तं सिंपल पास्ट कधी वापरायचा अन् पास्ट कंटिन्युअस कधी. तू फळ्यावर एक लांब रेघ मारली. म्हणला, ही मागं बराच वेळ चालू असलेली गोष्ट, हिला पास्ट कंटिन्युअस. मंग त्या रेघेवर एक ठिपका दिला. म्हणला, हे मधेच घडलं आणि संपलं, याला सिंपल पास्ट. इथपर्यंत ठीक होतं. मी बारावी पास आहे, मलेही समजलं. अन् मंग उदाहरण काय लिहिलं तू? माय फादर वॉज स्लीपिंग व्हेन आय लेफ्ट होम. वरून रेघेवर बोट ठेवून हसतो, "ही रेघ म्हणजे माझे बाबा, अजून घोरतायत. हा ठिपका म्हणजे मी, सटकलो."

झोपायले जगात दुसरं कोणी भेटलं नाही तुले? राजा झोपला होता, कुत्रं झोपलं होतं, चौकीदार झोपला होता, काहीही लिहिता आलं असतं. पण नाही, बापच पाहिजे.

वीजघरात रात्रभर कोळशाच्या बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवून सकाळी सातले सुटलेला माणूस दहाले झोपणार नाही तं काय करणार? तुले हे माहीत नाही असं कसं म्हणू. त्यायची रात्रपाळी असली की आपल्या फाटकाले टॉवेल बांधलेला राहायचा, की भाजीवाल्यानं पाहावं अन् न ओरडता पुढं जावं. तू पायरीवर बसून कुजबुजत पाढे पाठ केले. शेजारचे लोक कुकरची शिटी चमच्यानं उचलून धरत होते. कॉलनीतल्या लहान पोरालेही समजते की दिवसा झोपलेला बाप म्हणजे रात्री जागलेला बाप. तुह्या त्या मित्रांना काय समजते? खाली लिहिलेलं वाचलं मी. एक म्हणते, "बाप बेवडा दिसतोय." दुसरा म्हणते, "सेम भाऊ, आमचाही पडलेला असतो." अन् तू त्याले हसरं तोंड पाठवलं. ज्या माणसानं आयुष्यात सुपारीच्या पुढं नशा केली नाही, त्याले बेवडा म्हणून राहिले अन् पोरगा हसून राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यंदाची मारबत निघून जळूनही गेली होती, नाही तं त्या पुतळ्याच्याच गळ्यात बांधला असता तुहा व्हिडीओ. म्हणलं असतं, घेऊन जा माय इडापिडेबरोबर.

आता मुद्द्याचं. या महिन्याच्या तीस तारखेले बाबा रिटायर होऊन राहिले. तुम्ही बापलेक तीन वर्षांपासून एकमेकांशी शब्द बोलला नाही, तरी इथली रीत तू विसरला नसशील. शेवटच्या ड्युटीवरून माणूस गेटबाहेर आला की त्याच्या हातातली डब्याची थैली घरच्या पोरानं घ्यायची असते. तो डबा तो माणूस स्वतः घरी आणत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या यमुताईचे मालक रिटायर झाले तं त्यायचा पोरगा दुबईहून आला होता, तेवढ्यासाठीच. पुणं दुबईच्या पलीकडं नाही.

तो व्हिडीओ काढून टाक. अन् तीसले गेटवर ये.

आई


११ सप्टेंबर

गोलू,

वा रे वा. शिकवलं तू मले.

मी म्हणलं व्हिडीओ काढून टाक, तं तू काय केलं? तोच परत टाकला, अन् "फादर" पुसून "अंकल" लिहिलं. माय अंकल वॉज स्लीपिंग. श्वेताले मेसेज पाठवतो की आईला सांग, चेंज केलंय, आता तरी शांत हो म्हणावं. मी शांत होऊ? आधी बाप झोपाळू केला, आता बापच काढून टाकला. तुले काका आहे तरी का एक? बाबा घरात एकुलते एक.

अन् त्याच्या खालचं दुसरं उदाहरण, ज्याचं मी मागच्या पत्रात काढलं नव्हतं, ते तसंच ठेवलं. माय मदर वॉज क्राइंग. ते काहून नाही बदललं? मी रडून राहिली नव्हती, गोलू. मी मागच्या अंगणात चुलीवर मडकं पालथं घालून लंब्या रोट्या टाकून राहिली होती. श्वेताच्या मैत्रिणी जेवायले येणार होत्या. तुह्या पुण्याच्या मित्रांना ती रोटी माहीत नाही, पण तुले माहीत आहे. पीठ हातावर घेऊन झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत लांबवावं लागते. एकदा ती दोन्ही हातांवर आली की बाईले कुठंच जाता येत नाही. दाराची कडी वाजो, नाही तं पोरगा बॅग घेऊन निघो. ठेवली तं फाटते, फेकली तं पाप लागते. तू अंगणाच्या दारात येऊन म्हणला, "आई, येतो." मी म्हणलं, "थांब, एवढी टाकू दे." मी वळून पाहिलं तं तू नाही. डोळ्यांत पाणी दिसलं असेल तं धुराचं होतं. ओल्या लाकडाचा धूर कसा राहते, मी तुले सांगायची गरज नाही.

तू काय सांगत फिरतो ते मले श्वेताकडून समजते. आदल्या दिवशी बाबांनी पुस्तकं फेकली म्हणे. फेकली नाही. पाण्याच्या टाकीवर ठेवली होती. हाव, जोरात ठेवली. त्यायनं तुह्यासाठी इथल्या अप्रेंटिसचा फॉर्म आणला होता, साहेबापुढं दोनदा जाऊन उभे राहिले होते, जो माणूस स्वतःच्या प्रमोशनसाठी कधी कोणापुढं उभा राहिला नाही. अन् तू म्हणला, मले नाही करायची ही राखेतली नोकरी, मले इंग्रजी शिकवायचं आहे. राखेतली म्हणला तू. त्याच राखेवर तुही फी भरली होती. मंग त्यायच्या तोंडून निघालं की इंग्रजी शिकवून कोणाचं पोट भरलं. बापाच्या तोंडून निघते कधी कधी. त्याचं काय तू तीन वर्ष लोणचं घालून ठेवलं?

अजून एक सांगते. तुहा तो ठिपका. मधेच घडलं अन् संपलं म्हणे. तुहं घरातून जाणं संपलं कुठं? इथं रोज चालू आहे ते. जेवायले बसलो की चालू, दिवाळीचे दिवे लावले की चालू, कोणी "पोरगा कुठं असते" विचारलं की चालू. तुह्या फळ्यावर तुले पाहिजे तिथं ठिपका देता येते. आमच्या घरात येऊन देऊन दाखव.

तीस तारीख. मी परत लिहिणार नाही.

आई


२१ सप्टेंबर

गोलू,

लिहिणार नव्हती, पण डोकं असं तापलं आहे की कोणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण जाणार नाही. तुह्या बाबांशी भांडून झालं. आता तू.

तुहा व्हिडीओ प्लांटमध्ये पोचला. "अंकल"वाला नाही, पहिलाच, कोणीतरी आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवला होता. नवे ट्रेनी पोट्टे आले आहेत, तुह्याच वयाचे. त्यायच्यातल्या एकानं ड्युटी घेताना बाबांना विचारलं, "काका, झोप झाली का?" बाकीचे हसले. आता रोज कोणी ना कोणी विचारते. हे मले बाबांनी नाही सांगितलं, ताराचंदभाऊंनी सांगितलं. तुले आठवत असतील ताराचंदभाऊ, बाबांच्या बाजूच्या खुर्चीवरचे, तुले सायकल शिकवणारे. ते म्हणाले, "वहिनी, काट्यांच्या बोर्डावरच्या माणसाले झोपला म्हणणं म्हणजे शिवी आहे." बॉयलरचं पाणी किती आहे ते पाहत रात्रभर जागं राहायचं, एवढीच तं त्यायची नोकरी. अख्ख्या नोकरीत त्यायच्या नावावर एक डुलकी नाही. अन् जाता जाता पोटच्या पोरानं ही ओवाळणी दिली.

बाबांनी घरी येऊन श्वेताले म्हणलं, "दाखव वं काय आहे ते." मी नको म्हणलं, तं ऐकलं नाही. पाहिला. परत लावायले सांगितला. मले वाटलं आता काही तरी फुटते. तं काय म्हणाले माहीत आहे? "पोट्टा शिकवते चांगलं. मले समजलं." वर विचारतात, "हे एवढे लोक पाहतात का याले?" श्वेतानं आकडा सांगितला तं मान हलवली.

मंग थोड्या वेळानं म्हणाले, "पण मी झोपलो नव्हतो."

मी म्हणलं, काय?

म्हणाले, "त्या दिवशी. डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडलो होतो. त्यानं बॅगेची चेन लावली ते ऐकलं. मले वाटलं, पाया पडायले आत येईल. आला असता तं उठलो असतो."

गोलू, मी त्या दिवशी भाजीवाल्याले हातानं पुढं जा म्हणलं होतं. श्वेतानं मिक्सर लावला तं तिले धपाटा घातला होता. तू जोरात बोलायले लागला तं मीच तुले "हळू, बाबा झोपले" म्हणलं होतं. अन् हे महाशय आत टक्क जागे. तीन वर्ष मी याच जीवावर सगळ्यांशी भांडली, की बिचारे झोपले होते, त्यायले माहीतच नव्हतं. मी विचारलं, इतके दिवस सांगितलं काहून नाही? तं म्हणतात, "कोणी विचारलं नाही."

अन् तू श्वेताजवळ काय म्हणला होता? बाबा उठले असते तं पाया पडून गेलो असतो. तो आला असता तं उठलो असतो, ते उठले असते तं गेलो असतो. तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी असं वाटते मले. जेवण खिडकीतून देईन.

खरा राग पुढं आहे. ताराचंदभाऊ म्हणाले, तुह्या बाबांनी शेवटची ड्युटी बदलून मागितली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना दिवसाची पाळी देतात, म्हणजे संध्याकाळी गेटवर हार, फेटा, गुलाल, ढोल, सगळं रीतीनं होते. यायनं रात्रपाळी मागून घेतली. एकोणतीसच्या रात्री जाणार, तीसच्या सकाळी सातले एकटे बाहेर येणार. हार नको म्हणाले, जीप नको म्हणाले. मी म्हणलं, लपून कायले जाता? चोरी केली का? तं म्हणतात, "सकाळी गेटवर गर्दी नसते."

गर्दी नसली की थैली घ्यायले कोण आला अन् कोण नाही, हेही कोणाले दिसत नाही. हे ते बोलले नाहीत. मले बोलायची गरज नाही, एवढे वर्ष संसार केला आहे.

आई


२६ सप्टेंबर

गोलू,

तुहा मेसेज श्वेतानं वाचून दाखवला. "बघतो." एवढाच.

बघतो म्हणजे काय? तुह्या पन्नास मिनिटांच्या व्हिडीओत हे शिकवत नाही का कधी, की बघतो म्हणलं की समोरच्यानं काय समजायचं? येतो म्हण नाही तं येत नाही म्हण. मी त्यायले काहीच सांगितलं नाही. तू येणार म्हणून सांगावं अन् तू येऊ नये, तो दिवस मले त्यायले दाखवायचा नाही.

सकाळी सात. मोठं गेट.

आई


१ ऑक्टोबर

गोलू,

कालची गोष्ट तुह्याच तोंडून ऐकायची होती. पण तू सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

मी अन् श्वेता साडेसहालेच गेटवर जाऊन उभ्या राहिलो. बाया कोणी तिथं जात नाहीत, मी गेली. नको म्हणलं तरी ताराचंदभाऊ हार घेऊन आले होते, आणखी चार जुने लोक आले. चांगलं वाटलं. राखेचे ट्रक जाऊन येऊन राहिले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. भोंगा झाला. सकाळच्या पाळीचे लोक आत गेले, रात्रीचे बाहेर यायले लागले. बाबा सगळ्यांच्या शेवटी आले. दाढी केली होती. रात्रपाळीले कोण दाढी करते?

ताराचंदभाऊंनी हार घातला. तो झोप विचारणारा ट्रेनी पोट्टाही आला होता, तो पाया पडला. मंग सगळे बाजूले झाले, रीतीप्रमाणं. श्वेतानं हात पुढं केला. मी तिले आधीच सांगून ठेवलं होतं, तू घे, पोरगी काय अन् पोरगा काय. पण बाबांनी थैली दिली नाही. छातीशी धरून उभे राहिले अन् रस्त्यापलीकडं पाहायले लागले. तिकडं चहाची टपरी, तिथं एक पोट्टा पाठीवर बॅग अन् तोंडाले रुमाल बांधून उभा. मले वाटलं असेल कोणी कंत्राटातला. मी म्हणलं, "चला ना." हलले नाहीत. श्वेता म्हणली, "बाबा, द्या ना." तिच्या डोक्यावर हात ठेवला, थैली नाही दिली.

किती वेळ उभे होतो कोण जाणे. सायकली संपल्या, गाड्या संपल्या. चौकीदारानं गेट ओढून घेतलं. मंग एक ऑटो आला, तो रुमालवाला पोट्टा त्यात बसला, ऑटो गेला. तवा बाबा म्हणाले, "चला." अन् स्वतःची थैली स्वतः घेऊन घरी आले. आजवर या कॉलनीत कोणी आणली नव्हती.

घरी चहा दिला तं कपाकडं पाहत म्हणाले, "गोलू वाळला वं."

मी म्हणलं, तो रुमालवाला गोलू होता का? तुम्ही ओळखला? मंग हाक काहून नाही मारली?

म्हणाले, "मले वाटलं, येऊन राहिला."

मी तुह्यावर किती चिडली आहे ते मराठीत सांगता येत नाही, इंग्रजीत असेल तं तू पाहून घे. दुपारी टपरीवर जाऊन विचारून आली. पोट्टा पहाटेच आला होता म्हणे, रात्रपाळी कधी सुटते विचारत होता, चहा घेतला अन् थंड करून फेकला. पुण्याहून इतका रस्ता तुडवत आला अन् समोरचा तेवढा रस्ता ओलांडता आला नाही तुले? ट्रक होते म्हणून? लाज वाटली म्हणून? त्यायनं आधी हात पुढं करावा म्हणून? ते उभे होते ना बाप्पा, सगळ्यांच्या देखत, पोरीलेही न देता. जो माणूस गर्दी नको म्हणून रात्रपाळी मागतो, तो दहा लोकांसमोर तुह्यासाठी उभा राहिला. याच्यापेक्षा मोठ्यानं हाक मारता येत नाही त्यायले. इतकं शिकला तू, एवढं नाही समजलं?

मीही तुम्हा दोघांच्या मधात उभी होती अन् आंधळ्यासारखी "चला चला" करत होती. त्याचा राग मी कोणावर काढू, ते अजून ठरलं नाही.

आता माहं ऐक. डबा अजून त्या थैलीतच आहे. मी घासायले मागितला तं म्हणाले, राहू दे. श्वेतानं मागितला तं म्हणाले, राहू दे. काल रात्री त्यायले झोप नाही, खुर्चीवर बसून होते. सकाळी मी विचारलं, पुण्याले यायचं का? मले वाटलं नाही म्हणतील, मंग मी भांडेन, माही तयारी होती. तं म्हणाले, "तिकीट मिळते का पाहा." श्वेतानं तिथल्या तिथं काढलं. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही तुह्या दारात राहू. पत्ता श्वेताजवळ आहे, तू दिलेला नाही, पण आहे.

हे पत्र आधी पोचावं म्हणून स्पीड पोस्टनं पाठवून राहिली, म्हणजे त्या दिवशी शूटिंग होतं असं सांगता येणार नाही. जिना चढून ते वर येतील. मी खालीच थांबीन, मधात येणार नाही. तू हाक मारायची वाट पाहू नको अन् काय बोलावं याचा विचारही करू नको, ते काही बोलणार नाहीत. तू दार उघड अन् त्यायच्या हातातली थैली घे.

आई